पाकिटावर गोड लिहिलं होतं

रंगनाथरावांनी दुसऱ्यांदा रक्ताची उलटी केली तेव्हा मी त्यांच्या कॉटच्या पायथ्याशी उभी होते. शेजारच्या कॉटवर त्यांची बायको सुमनबाई हातात एक कागदी पाकीट घट्ट धरून पडल्या होत्या. पाकिटावरचं अक्षर माझं होतं. ‘लांब दुधी. गोड. बिया दहा.’ खाली आमच्या वाचनालयाचा शिक्का आणि फोन नंबर. त्या नंबरावर त्यांच्या शेजाऱ्यांनी फोन केला, म्हणून मी तिथे होते.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, “सकाळी काय खाल्लं?”

“दुधीचा रस,” सुमनबाई म्हणाल्या. “हे रोज घेतात.”

“कडू लागला का?”

“विषासारखा.”

“मग प्यायलात कशाला?”

सुमनबाईंनी पाकीट पुढे केलं. रंगनाथरावांनी तोंड पुसलं आणि त्या अवस्थेतही खुलासा केला, “डॉक्टर, लेखी आहे. गोड म्हणून लेखी आहे.”

रंगनाथराव कालव्यावर नोकरीला होते. कुणाच्या शेताला कधी पाणी, त्या पाळ्या कागदावर लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही, असा माणूस. निवृत्त झाल्यावर तब्येतीच्या मागे लागले. गच्चीत मांडव घातला आणि आमच्याकडून बी नेऊन दुधी लावला. पहिले तीन-चार दुधी खरंच गोड निघाले. मला आणून दाखवलेही होते, लेकराला दाखवावं तसे. त्या सकाळचा दुधी दुसऱ्या वेलाचा होता. रस तोंडाला लावल्याबरोबर सुमनबाई म्हणाल्या, “हा ओतून द्या.” रंगनाथराव म्हणाले, “तुझ्या तोंडाची चव गेली असेल.” मग स्वतः घोट घेतला. कडू होता हे त्यांनाही कळलं. पण पाकीट कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेलं होतं. ते त्यांनी पुन्हा वाचलं. म्हणाले, “आणि कडू असला तर काय झालं? कारलं खात नाही का आपण? कडू ते गुणाला चांगलं.” एक ग्लास त्यांनी संपवला. अर्धा बायकोला पाजला, तिच्या गुडघ्यांसाठी. रोजची कटकट नको म्हणून ती प्यायली.

डॉक्टरने मला बाजूला घेतलं. “मावशी, कडू दुधीत विष असतं. त्यावर उतारा नाही. सलाईन लावायचं, रक्तदाब सांभाळायचा आणि वाट बघायची.”

“किती?”

“सांगता येत नाही. हे बी अजून कुणाकुणाला दिलंय?”

तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त त्या दोन कॉट होत्या. मी म्हटलं, “वही बघावी लागेल.” इतकी वर्षं वाचनालयात काढल्यावर दुसरं काय येणार तोंडात.

आता हे बियांचं प्रकरण काय ते सांगते. मी चौथी पास आहे. बारामतीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी शिपाई म्हणून लागले. झाडणं, पुसणं, पुस्तकं जागेवर लावणं ही माझी कामं. पुस्तकं कमी वाचली, त्यांच्या पाठीवरची नावं जास्त वाचली. संगणक आला तेव्हा पुस्तकांच्या कार्डांचं लाकडी कपाट रिकामं झालं. साठ-सत्तर लहान खणांचं, पितळी कड्यांचं सुंदर कपाट. भंगारात द्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात नवीन ग्रंथपाल मॅडम आल्या. त्यांनी कुठेतरी बघितलं होतं की वाचनालयं बियाही देतात. पुस्तकासारख्याच. सभासदाने दहा बिया न्यायच्या, परसात, गच्चीत, डब्यात लावायच्या, आणि हंगाम संपला की वीस बिया परत आणायच्या. मॅडमनी लायब्ररीचं मोठं शिक्षण घेतलेलं, पण भेंडीचं बी आणि अंबाडीचं बी त्यांच्यासमोर ठेवलं तर त्या पुस्तकात शोधतील. मी निवृत्त होणार होते. त्या म्हणाल्या, “अक्का, तुम्ही थांबा.” मी थांबले.

बी सांभाळणं अवघड नाही. पक्कं फळ घ्यायचं, बी धुऊन सावलीत वाळवायचं, राखेत घोळून बाटलीत भरायचं, वर दोन कडुनिंबाची पानं. मॅडमना कपाटातले खण नंबरांप्रमाणे लावायचे होते. मी पेरणीच्या महिन्यांप्रमाणे लावले. त्यांनी दोनदा बदलले, मी दोनदा परत लावले. तिसऱ्यांदा त्या दमल्या.

माणसं मात्र अवघड. एक निवृत्त प्राध्यापक दोन वर्षांनी तेच पाकीट न फोडता घेऊन आले. “जसं नेलं तसं परत. एक डाग नाही.” मी म्हटलं, “सर, हे पुस्तक नाही. ह्याला मातीत घालायचं असतं.” तर म्हणाले, “वाचनालयाची वस्तू खराब कशी करू?” एका बाईंनी भोपळ्याच्या बिया परत आणल्या त्या तव्यावर भाजून, मीठ लावून. टिकाव्यात म्हणून. त्या आम्ही खाल्ल्या.

परत आलेलं बी घेण्याआधी मी एक नियम केला होता. बी नुसतं घ्यायचं नाही, त्याच वेलाचं एक कोवळं फळही मागायचं. देठाजवळची पातळ चकती कापून जिभेला लावायची. कडू लागलं तर बी नाकारायचं. आमच्या घरात काकडी, दुधी, दोडका चिरताना हेच करायचे. मी ते वाचनालयात आणलं आणि मॅडमनी त्याचा फलक केला. चाखून झालं की मी पाकिटावर लिहायची, ‘गोड’. माझं अक्षर चांगलं आहे. चौथीपर्यंतच शिकले पण पाटीवर नीट शिकले. सभासद म्हणायचे, छापल्यासारखं अक्षर आहे. मला ते आवडायचं.

त्या दुधीचं बी काटेवाडीच्या तात्यांनी परत आणलं होतं. ऊस, गाई, शिवाय घरापुरता भाजीचा तुकडा. तात्यांचा दुधी मी स्वतः चाखला होता, लोण्यासारखा होता. तरी असं झालं.

वहीत त्या वाणाची सात पाकिटं निघाली. एक रंगनाथरावांचं. उरली सहा. मॅडम घाबरल्या होत्या. म्हणाल्या, “आपण फलकावर सूचना लावू.”

मी म्हटलं, “ज्याच्या मांडवाला दुधी लटकलाय तो सूचना वाचायला इथं कशाला येईल?”

मग त्यांनी सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘दुधी खाऊ नये, धोका आहे.’ खाली सात जणांनी हात जोडले. एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. कुणी विचारलं नाही की कसला दुधी आणि कसला धोका.

शेवटी फोन लावले. सहांपैकी पाच लागले. दोघांनी बी लावलंच नव्हतं. एकाचा वेल वाळला होता. एकाचा शेळीने कोवळा असतानाच खाल्ला होता. पाचवे एक शिंपी होते, वाचनालयाजवळच दुकान. ते शांतपणे म्हणाले, “हां, आमचे दोन दुधी कडूजहर निघाले. टाकून दिले.”

“कधी?”

“झाले की पंधरा दिवस.”

“मग सांगितलं का नाही?”

“अक्का, तुमी फुकट बी देता. त्यात खोड काढायची म्हंजे बरं दिसत न्हाय.”

पंधरा दिवस. रोज माझ्यासमोरून जात-येत होते आणि नमस्कार करत होते. मी फोन ठेवला. सभ्यतेचा मला तेव्हापासून राग आहे.

सहावी सांगवीची शालन. तिचा फोन बंद. दवाखान्यातून निरोप आला होता की रंगनाथरावांच्या उलट्या थांबल्या, पण सुमनबाईंचा रक्तदाब खाली गेलाय आणि त्यांना आयसीयूत हलवलंय. पूर्ण ग्लास पिणारा उठून बसला होता आणि अर्धा पिणारीला नळ्या लावल्या होत्या. मी पिशवीत विळी नेता येत नाही म्हणून सुरी टाकली आणि सांगवीची गाडी धरली.

शालनचं घर रस्त्यावरून ओळखू आलं. दारात मांडव, मांडवाला दुधी, आणि ओट्यावर बायकांचा घोळका खवणी घेऊन बसलेला. एक परातभर कीस झाला होता.

“अक्का? तुमी कुठं हिकडं?” शालन उठली. “या, बसा. उद्या सुनंचं डोहाळजेवण हाय. दुधी हलवा करायचाय. तुमच्याच बियाचा दुध्या हाय बगा.”

सून उंबऱ्यात बसली होती. सातवा लागलेला.

मी म्हटलं, “शालन, हा कीस चाखलास?”

“कच्चा कीस कोण चाखतंय?”

मी चिमूटभर उचलून जिभेला लावला आणि थुंकले. जीभ आत ओढल्यासारखी झाली. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, “टाकून दे हे. कडू आहे. बारामतीत दोन माणसं दवाखान्यात आहेत.”

“कायतरीच! पंधरा दिस झालं आमी भाजी खातोय ह्याच मांडवाची. न्हाय झालं कुणाला काय.”

“वेल किती आहेत?”

“दोन.”

“भाजीचे कुठल्या वेलाचे काढले?”

तिने वर मांडवाकडे पाहिलं. दोन वेल मांडवावर असे गुंतले होते की कुठला कुणाचा ते तिलाही सांगता येईना. मग ती म्हणाली, “आन् कडू आसंल थोडं. साखर घातल्यावर ऱ्हातंय व्हय कडू?”

घोळक्यातली एक म्हातारी म्हणाली, “लायब्रीवाल्या बाईला दुध्या माघारी पायजेत म्हून आल्यात त्या. शालन, दोन दे त्यास्नी.”

मी भांडले नाही. एक दुधी कापला आणि देठाची चकती शालनच्या हातात दिली. “तू गिळू नकोस. नुसती जिभेला लाव.” तिने लावली. तिचं तोंड जे झालं ते बघून म्हातारीने हातातली खवणी खाली ठेवली.

परातीतला कीस आम्ही उकिरड्यात खड्डा करून पुरला, जनावरांच्या तोंडी लागू नये म्हणून. मी मांडवाखाली वाकून एकेक वेल बुडापासून शेंड्यापर्यंत हाताने चाचपत गेले, प्रत्येक वेलाचं एक फळ चाखलं. एक गोड निघाला, एक कडू. कडू वेल उपटला. गोडही उपट म्हटलं. शालन म्हणाली, “त्यो तर गोड हाय की!”

“त्याचं बी धरशील आणि कुणाला तरी देशील.”

“तुमीच दिलं व्हतं की अक्का,” शालन म्हणाली. तिने दोन्ही वेल उपटले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आता हलवा कशाचा करू?”

“बुंदी आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले. सुमनबाई तशाच. रंगनाथराव बाहेर बाकावर बसले होते. मला म्हणाले, “तुमची चूक नाही. पाकीट बरोबर असणार. मातीत काही दोष असेल.” मला वाटलं त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून मी इंदापूरची गाडी धरली, कारण वहीत सात पाकिटं होती पण मी आठ दिली होती. हे मॅडमना मी तोपर्यंत सांगितलं नव्हतं. निमगाव केतकीची हौसाबाई एकदा बारामतीला कुणाकडे तरी आली होती. ऊन लागलं म्हणून वाचनालयात पंख्याखाली टेकली. घरची मेंढरं गेली, आता शेळ्या आणि चार वाफे भाजी, असं बोलता बोलता कळलं. सभासद नव्हती. सही येत नव्हती. नियमाने तिला बी देता येत नव्हतं. मी कपाटातून एक पाकीट काढून तिच्या ओच्यात टाकलं. वहीत लिहिलं नाही. आवडली होती मला ती. एवढंच कारण.

वाटेत काटेवाडीला उतरले. तात्यांना सगळं सांगितलं. ते लाल झाले. “माझा दुध्या कडू? तू सोता खाल्लास, अक्का! तुज्या लायब्रीत, माज्या म्होरं खाल्लास!”

“खाल्ला. गोडच होता.”

“मग?”

मी त्यांच्या भाजीच्या तुकड्याच्या कडेने चालत गेले. पलीकडे त्यांच्या चुलतभावाचं कुंपण. कुंपणावर गोल, जाड सालीचे भोपळे लटकलेले. मी विचारलं, “हे काय?”

“त्ये व्हय? त्याला भजनी मंडळासाटी एकतारी करायच्या आस्त्यात. कडू भोपळा. कडू आस्तो म्हून कीड लागत न्हाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं. पतंग, किडे या वेलावरून त्या वेलावर फिरतात. त्यांना कुंपण नसतं. कडू भोपळ्याचा पराग दुधीच्या फुलावर पडला तरी त्या साली येणारं फळ गोडच लागतं, कारण फळ हे आईचं अंग. बाप उतरतो तो आतल्या बियांत. त्या बिया पेरल्या की पुढच्या साली काही वेल गोड आणि काही कडू. लेकीच्या तोंडाकडे बघून जावई कसा आहे ते कळत नाही, नातवंडं झाली की कळतं. हे आम्हा बायकांना इतर सगळ्या बाबतींत ठाऊक होतं. दुधीच्या बाबतीत मला सुचलं नाही. मी आईचं तोंड चाखलं आणि लेकरांवर ‘गोड’ असं लिहिलं.

असं बी शुद्ध ठेवायचं तर उमलायच्या आधी कळीला दोरा बांधून ठेवावा लागतो, हाताने पराग लावून पुन्हा बांधावा लागतो. हे मला नंतर कळलं. तात्यांना तेव्हा एवढंच म्हटलं, “बी धरू नका यंदा.” ते म्हणाले, “पर माझा दुध्या गोड हाय, एवडं लिवून दे.” मी दिलं नाही.

निमगावात त्या दिवशी बाजार होता. भाजीच्या रांगेत मी हौसाबाईला लांबूनच पाहिलं. समोर गोणपाटावर मेथी, शेपू, आणि बाजूला दुधींचा ढीग. दोन बायका दुधी उचलून पिशवीत टाकत होत्या. मी आयुष्यात कधी पळाले नसेन तशी पळाले. एकीच्या पिशवीतून दुधी ओढून घेतला. ती ओरडली. हौसाबाई उठून उभी राहिली.

“आगं बये! गिऱ्हाईक पळवतीस व्हय माजं?”

“हौसाबाई, हे माझ्या बियाचे आहेत का?”

तिने मला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग कपाळाला हात लावला. “लायब्रीवाली! तुज्या बियाचं? तुज्या बियानं वाटुळं झालं आसतं माजं! आगं, पयला दुध्या चिरला, देठ चाखला, आन् सांजंपत्तूर पानी पीत बसले. समदे वेल उपटून जाळलं. हे माज्या सासूच्या बियाचं हायेत. चाख की.”

मी सुरी काढली आणि भर बाजारात तिचे अकरा दुधी एकेक चाखले. सगळे गोड. गिऱ्हाईक बायका उभ्या राहून बघत होत्या. चौथ्या दुधीला त्यातली एक म्हणाली, “डोक्यावर परिणाम दिसतोय.” हौसाबाई म्हणाली, “न्हाय, शिकल्याली हाय.”

मग मी तिला सगळं सांगितलं. रंगनाथराव, खिळ्याला टोचलेलं पाकीट, सुमनबाई. ती ऐकत मेथीची जुडी बांधत राहिली. म्हणाली, “त्या बाईला कडू लागलं व्हतं?”

“लागलं होतं.”

“मंग का पेली?”

“नवरा म्हणाला पाकिटावर गोड लिहिलंय.”

“कुनी लिवलं व्हतं?”

“मी.”

तिने माझ्या पिशवीत शेपूची एक जुडी टाकली, आणि मी चाखायला कापलेले अकरा दुधी ओढून आपल्याकडे घेतले. कापलेले कुणी घेणार नव्हतं. ते तिने मला ऐकवलंही.

परतीच्या गाडीत मॅडमचा फोन आला. मी त्यांना आठव्या पाकिटाचं सांगितलं. त्या रागावल्या. रास्त होतं. वहीत नाव नसलेली बाई शहाणी निघाली हे आमचं नशीब होतं, हिशेब नव्हता. मग समिती बसली. दोन सदस्यांचं मत पडलं की बियांचं कपाट बंद करावं. तिसऱ्यांनी विचारलं, दुधी सोडून बाकीचं बी कडू निघतं का? भेंडी, गवार, पालक यांचं तसं नसतं. कपाट राहिलं. दुधी, काकडी, दोडका हे खण आम्ही रिकामे केले आणि कळ्यांना दोरा बांधायला शिकल्यावरच परत भरले. पाकिटावर मी आता चव लिहीत नाही. ‘देठ चाखून मगच शिजवा’ एवढंच लिहिते. त्यावर सभासद विचारतात, “अक्का, गोड असं लिहिलेलं पाकीट नाही का तुमच्याकडे?” माणसं बदलत नाहीत.

वाचनालयाच्या या दिवाळी अंकासाठी मला तिथल्या सुखद आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. मॅडमनी हे वाचून म्हटलं, सणाच्या अंकात उलट्या कशाला. मी म्हटलं, सणालाच लोक हलवा करतात.

सुमनबाई आयसीयूत पाच दिवस होत्या. रोज दुपारी मी काचेतून बघून यायची. त्यांच्या मुलीने मला पहिले दोन दिवस ओळख दिली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुम्ही घरी जा, इथं उभं राहून काय होणार आहे?” ते खरंच होतं. मी तरी उभी राहायची. सहाव्या दिवशी त्यांना साध्या खोलीत आणलं. मी गेले तेव्हा त्या उशीला टेकून भाताची पेज पीत होत्या आणि रंगनाथराव त्यांना सांगत होते की पेजेत मीठ बरोबर आहे. सुमनबाईंनी चमचा खाली ठेवला, मिठाचा डबा मागितला आणि हवं तेवढं मीठ घातलं.

दोघंही जगले. सांगवीच्या सुनेला मुलगी झाली, तीही धडधाकट आहे.